नाताळराव बिलोलीकर

बिलोलीकर साहेब समोरच्या माणसाकडे बघत नसत, त्याच्या शिल्लक रजेकडे बघत. केबिनचं दार ढकलून कुणी आत गेलं की नमस्काराला उत्तर म्हणून ते विचारत, "शिल्लक किती?" माणूस गोंधळून म्हणे, "कशाची, साहेब?" मग साहेब डोळे मिटून, दुखणाईताच्या आवाजात म्हणत, "आयुष्याची नाही विचारत मी. रजेची." हा विनोद ते रोज करीत आणि रोज तो पहिल्यांदाच सुचल्यासारखे हसत. आम्हीही हसत असू. आमची रजा त्यांच्या हातात होती.

लातूरचा जिल्हा होऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. गावभर नव्या कचेऱ्या आणि नव्या पाट्या लागत होत्या. पाट्या रंगवणाऱ्यांचे दिवस बरे चालले होते. पाऊस मात्र जिल्हा झाल्याची बातमी न पोचल्यासारखा वागत होता. विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि आम्ही गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत पाण्याच्या पंपांना लागणारे व्हॉल्व्ह बनवत होतो. कारखान्याचं एका परदेशी कंपनीशी सहकार्य होतं. म्हणजे नकाशे त्यांचे, घाम आमचा. मी मूळचा कंधारचा. नोकरीसाठी लातूरला आलो आणि त्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून झालो. हजेरी, पाळ्या, रजा हे माझं खातं आणि बिलोलीकर साहेब माझे वरिष्ठ.

ते मुंबईहून आले होते. बिलोली नांदेड जिल्ह्यात आहे हे आम्हाला ठाऊक होतं, पण साहेब त्याचा उल्लेख "मूळचे आम्ही तिकडचे" एवढाच करीत, आणि करताना हात असा हलवत की बिलोली हा समुद्रात बुडालेला एखादा खंड असावा. त्यांचं बोलणं इस्त्री केलेलं होतं. 'आहे' म्हणताना ते 'हे'वर थोडं थांबत, म्हणजे ऐकणाऱ्याला आपण 'हाय' म्हणतो याची लाज वाटायला वेळ मिळे. केबिनच्या भिंतीवर परदेशी कंपनीकडून आलेलं कॅलेंडर होतं. त्यात गुडघाभर बर्फ, बर्फात एक घर आणि घराच्या धुराड्यातून धूर. खिडकीतून बघितलं तर रस्त्यावर टँकरची वाट पाहणाऱ्या घागरी दिसत. साहेबांची खुर्ची खिडकीकडे पाठ करून होती.

नाताळात परदेशातली कंपनी आठवडाभर बंद असे. त्या काळात तिकडून ना नकाशे येत, ना कुणी फोन उचले. आमच्याकडे वीजही तुटक येत होती आणि भट्टीला पाणी पुरत नव्हतं. तेव्हा आपणही तो आठवडा कारखाना बंद ठेवावा, असा बेत वर ठरला. त्यात वाईट काही नव्हतं. वाईट ते साहेबांनी त्यात घातलं. बंदच्या दिवसांचा पगार कंपनीने द्यायचा नाही, ते दिवस प्रत्येकाच्या हक्काच्या रजेतून वळते करायचे, असं त्यांनी सुचवलं. वरच्यांना ते फारच आवडलं. कारखाना बंद करायचा आणि खर्च काही नाही. अशी कल्पना सुचणाऱ्या माणसाला बढती मिळते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ही बातमी साहेबांनी शेडमध्ये सगळ्यांना जमवून सांगितली. एका पेटीवर उभं राहून ते म्हणाले, "मित्रांनो, यंदापासून व्यवस्थापन तुम्हाला नाताळची सलग विश्रांती देत आहे. ही भेट समजा. दिवस तेवढे तुमच्या रजेतून वळते होतील. प्रगत देशांत असंच असतं." लोक टाळ्या वाजवणार, तेवढ्यात मागून विश्वनाथने विचारलं, "सायेब, कारखाना तुमी बंद करणार. मग रजा आमची कशी काय जायली?"

विश्वनाथ हा औसा रस्त्यावरच्या एका खेड्यातला पोरगा. लेथवर होता, हात चांगला होता, आणि अजून कायम झाला नव्हता. त्याची प्रोबेशनची मुदत संपत आली होती. घरी म्हातारे वडील होते, आई त्याच वर्षी वारली होती आणि जिरायत रान पावसाविना पडून होतं. ही नोकरी कायम झाली तर घर उभं राहणार होतं, नाहीतर नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनाही.

साहेब म्हणाले, "नाव काय तुमचं?" ते उत्तर नव्हतं, पण तेवढं बास होतं.

मग जॉन वाघमारे बोलला. तो आमचा इलेक्ट्रिशियन आणि कारखान्यातला एकुलता एक ख्रिस्ती. साहेबांनी भाषणात दोनदा त्याच्याकडे बघून मान हलवली होती, जणू ही सगळी व्यवस्था त्याच्यासाठीच केली होती. जॉन म्हणाला, "साहेब, आमचा नाताळ एका दिवसाचा असतो. सकाळी प्रार्थना, दुपारी मटण, संध्याकाळी परत गरिबी. बाकीचे दिवस कुणाचे, ते तुम्ही बघा. पण माझ्या सणाला माझीच रजा कापू नका." शेडमध्ये हशा झाला. त्या संध्याकाळपासून साहेबांचं नाव नाताळराव पडलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना राग आला नाही. त्यांना तो मान वाटला असावा.

आता येळवशीबद्दल सांगायला हवं, कारण लातूरबाहेरच्यांना ती ठाऊक नसते. मलाही लातूरला आल्यावरच ती नीट कळली. मार्गशीर्षातल्या अमावस्येला इथं सगळं गाव रानात जातं. रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, करतात, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडून त्यांना पांडव म्हणून पुजतात, रानाभोवती फिरून आंबील शिंपडतात आणि मग जेवतात. शेंगा-भाज्यांची पातळसर भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, मडक्यातलं गार आंबील. शहरातली दुकानं बंद, रस्ते ओस, कचेऱ्यांतही कुत्रं सापडत नाही. ज्याला रान नाही तो दुसऱ्याच्या रानात जातो. वाटेने जाणाऱ्या परक्या माणसालाही हाक मारतात आणि त्याला नाही म्हणता येत नाही. माझ्यासारख्या कंधारच्या माणसाला लातूर आपलं वाटलं ते या एका दिवसामुळे.

त्या वर्षी येळवस नेमकी शटडाउननंतर कारखाना उघडण्याच्या दिवशी आली. कामगार साहेबांकडे गेले. मीही त्यांच्याबरोबर आत उभा होतो. मागणी साधी होती. कारखाना एक दिवस उशिरा उघडा, आम्ही बदली म्हणून रविवारी येतो. कलेक्टर कचेरीलाही त्या दिवशी सुटी आहे.

साहेबांनी कॅलेंडरकडे बोट दाखवलं. "यात आहे का तुमची ती अमावस्या?"

"सायेब, ते तिकडचं हाय," कुणीतरी म्हणालं.

"कॅलेंडर लातूरच्या भिंतीवर टांगलंय, पण छापलंय तिकडे. तिकडची कंपनी ज्या दिवशी सुरू होते, त्या दिवशी आपण रानात बसून ताक प्यायचं?"

"आंबील असतंय सायेब, ताक न्हाई," विश्वनाथ म्हणाला. त्याला गप्प बसता येत नसे.

साहेबांनी मग नियम सांगितला. बंदनंतरच्या पहिल्या दिवशी जो येणार नाही, त्याचे बंदचे सगळे दिवसही विनापरवानगी गैरहजेरीत धरले जातील. याला ते 'सलगता' म्हणत. "कायम असलेल्यांचं काय व्हायचं ते होईल," ते म्हणाले, "पण जे कायम नाहीत, त्यांनी सलगतेचा विचार करावा." बोलताना त्यांनी विश्वनाथकडे बघितलं. मी त्यांना समोरच्या माणसाकडे बघताना पहिल्यांदाच पाहत होतो.

बाहेर आल्यावर विश्वनाथने मला विचारलं, "अर्ध्या दिसाची रजा गावंल का?" मी त्याच्यासाठी पुन्हा आत गेलो. उत्तर आलं, "शटडाउनमध्ये त्यांची सगळी संपली आहे. अर्धी कुठून आणू?" जी रजा साहेबांनी काढून घेतली होती, ती नाही म्हणून ते रजा नाकारत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शंकेची रेषही नव्हती. विश्वनाथ म्हणाला, "आप्पाला गुडघ्यानं चालता येत न्हाई. आंबिलीचं मडकं घेऊन रानाभवती कोण फिरंल? औंदा मायबी न्हाई. मी पहाटं फिरून, निवद दाखवून दुपारच्या आत येतो. येतोच." आप्पा म्हणजे त्याचे वडील. मी त्याला जाऊ नको असं म्हणालो नाही. म्हणून उपयोगही झाला नसता.

येळवशीच्या सकाळी कारखान्याच्या फाटकात साहेब होते, मी होतो आणि पहारेकरी होता. पहारेकरीही थोड्या वेळाने "जरा जाऊन येतो" म्हणून गेला. जीपचा ड्रायव्हर आलाच नव्हता. साहेब घड्याळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "चला. तपासणीला जाऊ." आम्ही त्यांच्या स्कूटरवर निघालो. औसा रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या रानांतून हाका येत होत्या, "ओ सायेब, या की जेवायला!" साहेब मान वळवत नव्हते. दुष्काळाचं वर्ष, पिकं गुडघ्याएवढी, कडबा जनावरांना पुरवायचा म्हणून कोपीही चार पेंढ्यांच्या. तरी हाका कमी नव्हत्या.

विश्वनाथचं रान सापडायला वेळ लागला नाही. तो अंघोळ करून, धोतर नेसून रानाभोवती फिरून आला होता आणि शर्ट चढवत होता. सायकल बांधाला टेकवलेली होती. कामाचे कपडे कॅरिअरला बांधलेले होते. जॉनही तिथंच बसलेला होता. नाताळ आटोपून तो येळवशीला आला होता. आम्हाला बघून विश्वनाथचा चेहरा उतरला. पण आप्पांना काही ठाऊक नव्हतं. घोंगडीवर बसलेला तो वाळका म्हातारा साहेबांना बघून इतका खुश झाला की उठायला लागला आणि उठता येईना म्हणून बसल्या जागी हात जोडले. "विश्या, आरं सायेब आले! तुज्या कारखान्याचे! पाणी दे, पाय धुवायला दे."

टँकरच्या दिवसांत पाय धुवायला तांब्याभर पाणी दिलं गेलं. साहेबांनी पाय धुतले.

"मी तपासणीला आलोय," साहेब म्हणाले.

"तपासा की, तपासा," आप्पा म्हणाले. "आधी बसा. येळवशीला कुणी उपाशी जात न्हाई आमच्या रानातून. जॉन, ताट मांड बाबा."

साहेब बसले. मला वाटलं होतं, ते घासभर खाऊन उठतील. पण भज्जीचा पहिला घास घेतल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचं मुंबईचं काहीतरी गळून पडलं. त्यांनी उंडा फोडला, भज्जीत बुडवला आणि चक्क म्हणाले, "लई दिसांनी खाल्लं बगा. आमची माय आशीच करायची." आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. "घ्या, आजून घ्या," ते म्हणत राहिले. साहेबांनी भज्जी पुन्हा घेतली, आणि पुन्हा. खीर घेतली. आंबिलीचा द्रोण दोन्ही हातांनी धरून संपवला. विश्वनाथ वाढत होता आणि मधेच सूर्याकडे बघत होता. जेवणारा पाहुणा समोर असताना यजमान उठून जात नाही. त्याची दुपार आमच्या ताटांत संपत होती. मी दोनदा म्हणालो, "साहेब, निघू या." ते म्हणाले, "आरं थांब की, घाई काय हाय."

निघताना आप्पांनी त्यांच्या हातात तिळाच्या पोळ्यांचं गाठोडं दिलं आणि म्हणाले, "लेकरावर लक्ष आसू द्या." साहेब म्हणाले, "हाव, हाव." आम्ही बांध ओलांडला तेव्हा जॉन माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "सुटला विश्या. मीठ खाल्लं आता." विश्वनाथही हसला. आता धावत जाऊन उपयोग नाही, आणि गरजही नाही, असंच सगळ्यांना वाटलं. लातूरच्या माणसांची तीच एक चूक झाली. त्यांच्या रानात जेवलेला माणूस त्यांच्याविरुद्ध जाऊ शकतो, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचं बोलणं पुन्हा इस्त्रीचं झालेलं होतं. त्यांनी मला बोलावून मजकूर सांगितला. "सदर कर्मचारी विनापरवानगी गैरहजर राहून शेतावर मेजवानीत सहभागी असल्याचे अधोहस्ताक्षरी यांनी स्वतः पाहिले आहे." विश्वनाथची सेवा समाप्त. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही जेवलात तिथं." ते म्हणाले, "म्हणून तर खात्री देता येते." पोळ्यांचं गाठोडं टेबलावरच होतं. दुपारी त्यांनी त्या पोळ्या चहाबरोबर खाल्ल्या.

विश्वनाथ रोजगार हमीच्या कामावर गेला. लेथवर केसाएवढा फरक हाताने ओळखणारा माणूस औशाकडच्या एका पाझर तलावावर खडी फोडत बसला. कामगारांनी वर्गणी काढून त्याचा तंटा सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे नेला. नव्या जिल्ह्याचा एक फायदा असा की त्यासाठी उस्मानाबादला जावं लागलं नाही. कचेरी भाड्याच्या घरात होती आणि अधिकारी तरुण होता. साहेब टाय लावून गेले. मलाही साक्षीला बोलावलं होतं.

अधिकाऱ्याने साहेबांना विचारलं, "तुम्ही त्याला रानात पाहिलंत?"

"स्वतः."

"कामाच्या वेळेत? मग तुम्ही तिथं काय करत होतात?"

"तपासणी."

"जेवलात?"

साहेबांनी टाय सारखा केला. "आग्रह झाला."

अधिकारी माझ्याकडे वळला. मी जे पाहिलं ते सांगितलं. विश्वनाथची सायकल बांधाला तयार होती, कामाचे कपडे कॅरिअरला होते, तो दुपारपर्यंत कामावर पोचला असता, पण साहेब जेवत होते म्हणून तो उठला नाही. भज्जी किती वेळा घेतली, हेही सांगितलं. अधिकारी टेबलावरच्या पेनाशी खेळत म्हणाला, "साहेब, पाहुणे म्हणून गेलात की अधिकारी म्हणून, ते एकदा ठरवा. पाहुणे असाल तर साक्ष देऊ नका, आणि अधिकारी असाल तर जेवायला नको होतं." साहेब म्हणाले, "यात नियम कुठला?" अधिकारी म्हणाला, "नियम नाही. म्हणूनच सांगतोय."

शेवटी कंपनीने तडजोड केली. विश्वनाथला परत घेतलं, पण नव्याने. आधीची सेवा पुसली, प्रोबेशनची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू, आणि रजेच्या खात्यावर शून्य. ही अट साहेबांनी सुचवली होती. हरतानासुद्धा थोडं कापून घ्यायचं हे त्यांना चांगलं जमत असे. विश्वनाथने सही केली. खडीपेक्षा लेथ बरा.

वैशाखात आप्पा वारले. विश्वनाथ सकाळी सांगायला आला, चेहरा काळवंडलेला. मी त्याला घेऊन केबिनमध्ये गेलो. साहेब दुसऱ्या कागदांत होते. मी म्हणालो, "याचे वडील गेले." साहेबांनी मान वर न करता विचारलं, "शिल्लक किती?" मी म्हणालो, "काही नाही." ते म्हणाले, "मग बिनपगारी. कामावर कधीपासून येणार तेवढं लिहून घ्या." त्यांनी सही केली आणि कागद बाजूला सरकवला. विश्वनाथ आप्पाला माती द्यायला गेला.

नाताळच्या शटडाउनचं वर फार कौतुक झालं होतं. पुढच्या दिवाळीनंतर साहेबांची बढतीवर पुण्याला मुख्य कचेरीत बदली झाली. तिथं म्हणे अशा डोक्याची गरज होती. वर्क्स मॅनेजरने निरोप समारंभ ठरवला. शाल, नारळ, हार, भाषण. समारंभ शेडमध्ये, पहिल्या पाळीत, सगळ्यांच्या उपस्थितीत.

आदल्या दिवशी रजेचे अर्ज यायला लागले. एक, मग चार, मग गठ्ठाच. लेथवाले, फाउंड्रीवाले, पॅकिंगवाले. शटडाउनपासून लोक रजा दातांत धरून जपत होते, आजारपणातसुद्धा कामावर येत होते. तीच रजा ते एका दिवसात टाकत होते. जॉनने अर्जावर कारण लिहिलं होतं, 'विश्रांती'. वर्क्स मॅनेजरने सगळे मंजूर केले, कारण नाकारायला कारण नव्हतं. मी शेवटी माझाही अर्ज त्यांत ठेवला.

विश्वनाथला मात्र जाता आलं नाही. त्याच्या खात्यावर रजाच नव्हती, आणि बिनपगारी राहायची त्याची ऐपत नव्हती. त्यामुळे समारंभात कामगारांतर्फे तो एकटाच होता आणि हार घालायचं काम त्याच्याकडे आलं.

रजेवरून परतल्यावर मी त्याला विचारलं, "घातलास हार?"

"घातला की. मान वाकवली न्हाई त्यांनी. टाचा वर कराव्या लागल्या."

"काही बोलले?"

विश्वनाथ लेथवरचा कीस झटकत होता. "हाव. खांद्यावर हात ठिवून इच्यारले, 'आप्पा कसे आहेत? त्यांना नमस्कार सांगा.'"

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणू? म्हणलं, मशीन चालू ठिवून आलोय सायेब, जातो."